बावीस की तीस

डिसेंबरात कोल्हापुरात बर्फावरची पायताणं शोधणं
म्हणजे उसाच्या फडात होडी मागणं.
तरी मागितली.
बिंदू चौकाजवळच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
‘मॅडम, कुस्तीचे बूट आहेत. चालतील?’

मग दिल्लीहून दोन जोड मागवले,
एक बावीस इंची, एक तीस.
आठ दिवसांत एक परत करायचा.
दोन्ही पलंगावर मांडून मी समोर बसले,
लग्नाला नेसायची साडी ठरत नसल्यासारखी.

तळं नकाशावर नखाएवढं निळं.
शेवटच्या गावापासून अकरा किलोमीटर,
आणि हिवाळ्यात रस्ता नाहीच.
दरीत बर्फ पिठासारखं, तिथं लांब हवं.
तळ्यावर वाऱ्यानं ठोकून कडक केलेलं,
तिथं आखूड हवं, खाली दाते असलेलं.
पाय दोनच. पाठीवर चौदा किलो.
वय सांगत नाही.

पट्टा मात्र दोन्हींचा पुरुषी मापाचा,
म्हणून सुभाषनगरात केरबा व्हटकरांकडे गेले.
त्यांनी रापी बाजूला ठेवली,
तीस इंची उलटं केलं, सुलटं केलं, हुंगलं.
‘ह्याला तळ कुठाय?’
म्हटलं, बर्फात बुडू नये म्हणून असं पसरट.
‘बर्फ म्या गोळ्यावाल्याकडंच बघितलाय,’
असं म्हणून त्यांनी आरी उचलली,
टोक चामड्यावर टेकवलं. आत गेली.
उलटी करून मूठ टेकवली,
तेवढ्याच जोरानं दाबली. नुसता डाग पडला.
‘वजन बुडवत न्हाई, बाई. टोक बुडवतंय.
महापूर उतारल्यावर दारातला गाळ मांडीएवढा.
आमी दारंच काढली बिजागरीतनं,
आडवी टाकली, आन् त्यावरनं म्हातारीला भाईर आणली.’

रविवारी त्यांच्याच सांगण्यावरून वडणग्याला,
त्यांच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर.
मागं चिपाडांचा ढीग, दोन पुरुष उंच,
वरून वाळलेला, आतून ओला.
साध्या बुटांनी गुडघ्यापर्यंत गेले.
बावीस इंचीनं घोट्यापर्यंत.
तीस इंची घातलं आणि ढीग मला ओळखेना,
चार पावलं मी त्याच्यावर होते, त्याच्यात नव्हते.
पाचव्या पावलाला उजव्यानं डाव्याचं टोक दाबलं
आणि तोंडावर पडले.
ओठांना गोड लागलं.
काहिलीजवळचा शिदू गुळव्या
फावडं टेकून हसत राहिला, पाक उतू जाईपर्यंत.

‘पाय फाकून टाका,’ केरबा खालून ओरडले,
‘नव्या बैलागत!’
दुसऱ्या फेरीला जमलं. तिसऱ्या फेरीला
गुऱ्हाळातली पोरं रांगेत उभी, आम्हाला पण, आम्हाला पण.

काकवी पुढं करत शिदूनं विचारलं,
‘एवढं करून त्या तळ्यात हाय तरी काय?’
म्हटलं, पाणी असेल. बर्फाखाली.
‘रंकाळ्यात बी हाय की.’
हो, आहे.
रोज संध्याकाळी मी तिथून चालत घरी येते,
भेळेच्या गाड्यांमधून, ओळखीच्या लोकांमधून.
ज्याच्या काठी कुणी हाक मारणार नाही
असं पाणी एकदा बघायचंय,
हे त्याला सांगता आलं नाही. काकवी प्यायले.

बावीस परत पाठवलं.
तीसला केरबांनी पट्टे लावले,
कापशीला लावतात तसल्या चामड्याचे,
वेणी न घालता, साधे.
हिशेब चोख घेतला, आणि वर एक सांगितलं:
थंडीत चामडं कसं वागतं ते मला ठावं न्हाई,
बघा आन् सांगा.

रात्री पट्टे फ्रीजरमध्ये ठेवले,
मटारच्या पिशवीवर.
सकाळी काढले तर फळीसारखे ताठ,
वाकवले तर कर्र वाजले,
भेगा नाहीत, पण बक्कल काही लागेना.

फोन केला.
पलीकडं ऐरणीवर ठोकणं थांबलं.
‘एरंडेल कमी पडलं,’ केरबा म्हणाले.
‘आणा हिकडं. आजच आणा.’