मागची बाकी

एकतीस वर्षं ब्रह्मपुरी आगारात कंडक्टर होतो.
सुटे नसले की तिकिटामागं पेनानं लिहायचं:
बाकी सात रुपये. खाली सही.
कित्येक माणसं बाकी न घेताच उतरली,
फाट्यावर, नहराच्या पुलाशी, अंधारात.
त्यांची नाणी अजून खिशात वाजतात म्हटलं की
बायको म्हणते, "काई बी बोलून राह्यले तुमी."

आता दर गुरुवारी
समाजमंदिरातली सतरंजी मी झटकतो.
सिकलसेलवाल्यांचा गट. वहीत अठ्ठावीस नावं.
एका नावापुढं हजेरी मांडत नाही,
खोडतही नाही.
निरूबाई आशाताई गोळ्या मोजते.
मी माठ भरतो, गरम पाण्याच्या पिशव्यांची
झाकणं पिळून बघतो,
नव्या आईला कागदावर गोल काढून दाखवतो:
हे तुझ्या रक्तातलं, हे त्याच्या.
ती दाराकडं बघत राहते.
मग पार्बताबाई सरकून तिच्याजवळ बसते
आणि एवढंच विचारते,
"कोणतं हाड दुखते वो पोराचं?"
तेवढ्यानं तिला रडू फुटतं.
मला हे तीन वर्षांत जमलेलं नाही.

पुसातली रात्र होती, धानाचं चुरणं चालू.
गेडामांचा हंसराज गुडघे पोटाशी घेऊन
गोधडीत वळवळत होता.
"मामा, आतून कोणी वरवंटा फिरवून राह्यलं."
मोटारसायकलवर पुढं मी, मागं त्याची आई,
मधे तो, घोंगडीत बांधलेला.
सिंदेवाहीच्या अलीकडं, रेल्वे फाटक बंद,
कण्हता कण्हता माझ्या पाठीला म्हणतो,
"मामा, तिकीट?"
"हाफ," म्हटलं.
त्याची आई हसली की रडली,
इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

दवाखान्यात मी काय केलं?
तळपाय चोळले.
पहाटे त्याचा डोळा लागला तेव्हा
हात त्याच्या घोट्यावर तसाच ठेवला,
काढला तर जागा होईल म्हणून.
नर्सनं विचारलं, "आजोबा काय तुमी?"
हो म्हणालो.
ते खोटं अजून जपून ठेवलंय.

माजी सरपंच पानठेल्यावर विचारतो,
"तुमाले काय भेटते जी यातून?"
मी चुना मळत राहतो.
काय सांगू?
फडक्यात बांधलेली मोहफुलं,
बोडीतले शिंगाडे, अर्धे किडके,
आणि गेल्या भादव्यात मीच तापानं पडलो तर
दारात चपलांचा हा ढीग.
छबिना कुमरे आली, सोळा वर्षांची,
डोळे हळदीसारखे पिवळे,
खांबाला धरून दम खात उभी,
स्वतःच्या दुखण्याचं नावही नाही.
लोट्यातून ग्लास भरला आणि
माझ्याच आवाजात, माझ्याच गुरुवारच्या आवाजात म्हणाली,
"प्या मामा. तीन लिटर. मी मोजून राह्यली."

मी प्यायलो.
पाण्याला माठाचा वास होता.
ग्लास खाली ठेवायच्या आत
तिनं दुसरा भरला.