पांढरा साका

अठ्ठावीस वर्षं मी बाटल्या धुतल्या
ज्यांत कधी काही भरलंच नव्हतं.
धूळ पुसायची, उलट्या मांडायच्या, कुलूप लावायचं.
प्रयोग फळ्यावरून वहीत उतरत,
गुण वीसपैकी अठरा,
आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

यंदा तुमसरहून मेंढेकर मॅडम आल्या.
म्हणाल्या, "पराते भाऊ, किल्ली."
मी म्हटलं, "फुटली तर फॉर्म भरावा लागते जी."
"भरीन."

तर नववी ब, दोन क्रेट, एक बादली, सुतळी,
आणि औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी, शहर बसमध्ये.
कंडक्टर विचारतो, "काय आहे?"
"नदीचं सामान," म्हणालो. दुसरं काय सांगणार.

अंबाझरीच्या सांडव्याखाली पहिली बाटली.
पाण्यातच भरायची, पाण्यातच बूच.
बुडबुडा राहिला की ओता, पुन्हा भरा;
मॅडम म्हणतात, बुडबुडा म्हणजे विकत आणलेला साक्षीदार.
दोन औषधं, दोन नळ्या,
बाटली उलटसुलट करायची
आणि वाट पाहायची.
हळूहळू तळाशी बसलं काही तपकिरी,
टपरीवरच्या उकळ्या चहासारखं.
पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, त्यांना ठाऊक नव्हतं.
मलाही नव्हतं, पण मीही वाजवल्या.

दुपारी हसनबागेकडं.
वास आधी आला, पूल नंतर.
रुकय्याचं घर तिथंच मागं, तिनं नाक धरलं नाही,
बाकीच्यांनी तिच्याकडं पाहून हात खाली घेतले.
तिनंच दोर सोडला. तिनंच बूच लावलं.
साका बसला.
पांढरा. धुतल्या तांदळासारखा.

चेतन हेडाऊ ओरडला,
"मॅडम, हे तर एकदम साफ!"

मॅडम काही बोलल्या नाहीत.
"पान अकरा," एवढंच.
रुकय्यानं वाचलं, बोट ओळीखाली ठेवून:
पांढरा असल्यास पाण्यात प्राणवायू नाही.
"नाही म्हणजे, थोडा?"
"नाही म्हणजे नाही."
तिनं दुसरी बाटली मागितली.
मग तिसरी.
तिसरीही पांढरी बसली तेव्हा
तिनं शून्य आधी पेन्सिलीनं काढलं,
बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं,
मग पेननं गिरवलं.

मी कठड्याला टेकून उभा.
माझा बाप सूत रंगवायचा. कोपरापर्यंत हात जांभळे,
रविवारी आलं की शेंदरी.
लडी घेऊन याच नदीवर यायचा,
मी खालच्या अंगाला उभा राहून
रंगाचे पट्टे वाहत जाताना मोजायचो.
सुंदर दिसायचे.
त्यांच्या खाली काय जगत होतं
हे कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर चूल थांबली असती.
हे मी पोरांना सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

तेवढ्यात डॉली बोकडेनं मगभर गाळ उपसून
पांढऱ्या थाळीत ओतला,
आणि काळ्यातून एक लाल दोरा
वळला.
मग आणखी एक.
"हा तर जगून राहिला बे!"
सगळी डोकी थाळीवर, एकमेकांवर आपटत.
भिंगातून पाहिलं मीही, चष्मा वर करून.
रक्ताच्या रंगाची अळी, बोटाच्या पेराएवढी,
शून्यात आपलं काम करत होती.
मॅडमनी सांगितलं, तिच्या अंगात रक्तातलाच रंग असतो,
मिळेल तेवढा श्वास धरून ठेवतो.
रुकय्यानं विचारलं, "किती वेळ?"
मॅडम म्हणाल्या, "हे मला माहीत नाही. शोधू."
अठ्ठावीस वर्षांत या शाळेत
हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी मोरीत बाटल्या धुतल्या.
तीन पाण्यांनीही वास जाईना.
एक कमी भरली. बसमधून उतरताना फुटली होती,
चेतन सांगायला घाबरत होता.

फॉर्म काढला. कागद पिवळा पडलेला.
दिनांक. वस्तू. नग एक.
कारण:
मॅडमची वाट न पाहता मीच लिहिलं,
वापरताना.