उलटा दांडा

सगळे घरी गेले, गुल्व्हेन.
बंदर-कचेरीत मी आणि यंत्र:
सव्वीस पितळी कप्प्या, एक तार, एक लेखणी
आणि हा दांडा,
सहा वर्षांत ज्याने माझ्या तळहाताला
तुझ्या घोडीच्या खुराइतका घट्टा पाडला.

पहिली कप्पी चंद्राची. दुसरी सूर्याची.
तिसरी, चंद्र कधी जवळ येतो, कधी रुसून लांब जातो, त्याची.
बाकीच्या बारीकसारीक कुरबुरींच्या.
तार सगळ्यांवरून जाते, सगळ्यांचं ऐकून घेते,
आणि पाण्याची एकच उंची सांगते.
वर्षभराचा समुद्र मी दोन दिवसांत कागदावर काढते.
गावात म्हणतात, आझेनॉरला सगळं आधीच ठाऊक असतं.

आज मी दांडा उलटा फिरवतेय.

यंत्राला त्याचं काही नाही.
येणारा मार्च काय, गेलेला काय,
त्याच्या लेखी पाणी तेच.
नाताळ मागे गेला. सफरचंदं फांदीला परत लागली,
मग त्यांची फुलं झाली.
आईच्या अंगावरून काळा पोशाख उतरला.
रिकामी परतलेली घोडी
पाठमोरी चालत पाण्याकडे गेली,
आणि मी थांबले.

विषुवाचं उधाण. ओहोटीचा तळ अकरा वाजून अकरा मिनिटांनी.
छापला होता तसाच.

खरं सांगू? मी चूक शोधायला आले होते.
एखादा झिजलेला दाता, घसरलेली तार, माझा हातचा एक.
चूक सापडती
तर रडायला एक जागा झाली असती.

समुद्राने तुला कधी पाण्यात पाहिलं नाही, गुल्व्हेन.
त्याने तुला पाहिलंच नाही.
कप्प्यांनी सांगितलं तेवढाच चढला तो,
बोटभरही जास्त नाही.

पाद्री म्हणाले, देवाची मर्जी.
आई म्हणाली, कपाळ.
मला केमेनेर मास्तरांचा वर्ग आठवला,
खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप, तिच्यात धुळीचे कण.
मास्तर म्हणाले होते, फार जुन्या काळी, दूर ग्रीकांच्या किनाऱ्यावर
कुणीतरी अशीच तिरीप बघत बसला असेल,
आणि त्याला वाटलं असेल, यातला एकही कण
आपल्या लहरीने फिरत नाहीये.
तू तेव्हा फुंकर मारलीस.
सगळा वर्ग हसला.
मास्तर म्हणाले, आणि ही फुंकर कुठून आली?

तीच मोजतेय मी अजून.
तू थांबलास, कारण गाडीच्या चाकाची खीळ निसटली.
खीळ निसटली, कारण लोहाराने घाई केली.
त्याने घाई केली, कारण सगळ्यांच्याच गाड्या रांगेत,
कारण शेवाळ काढायला असं उधाण वर्षातून दोनदाच,
कारण चंद्र.
मागे मागे जावं, तर पहिली कप्पीच हाती लागते.

मर्जी असती तर भांडले असते.
कारणांशी कोण भांडणार?
त्यांच्याशेजारी बसायचं फक्त,
आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसं.

तबेल्याच्या दारावर, खिळ्याला,
तुझा तक्ता अजून आहे.
काल मी तो कंदिलाच्या उजेडात वाचला,
तू पहाटे वाचला असशील तसा.
अकरा वाजून सतरा, असं वाचलं मी.
मी! जिने तो आकडा काढला.
आमच्या छापील एकाला डोक्यावर अशी शेंडी आहे
की अंधारात तो सात होतो.

सहा मिनिटं.
सहा मिनिटांत पाणी घोट्यापासून गुडघ्याला येतं.
किंवा तू बरोबर वाचलंस
आणि वाळूत खीळ चाचपत राहिलास.
घोडी सांगत नाही.

पण तक्ता हीसुद्धा कप्पीच ना?
कुणाच्या तरी डोळ्यांवरून तार जाते,
पायांत उतरते, पाय वळतात.
शाईसुद्धा ओढते पाण्याला,
म्हणजे पाण्याला नाही,
पाण्यात उभ्या असलेल्याला.

आता दांडा सरळ फिरवतेय.
घोडी परत आली. आईने काळं नेसलं.
ते मला थांबवता येत नाही, हात दुखतोय,
पुढचा मार्च अजून लांब आहे.

सकाळी छापखान्यात जाईन.
रिवोआलबाईंना सांगेन, एकाचा खिळा बदला.
त्या म्हणतील, खर्च वाढेल.
वाढू दे.