पास्कू डिसोझाची बाटली

मे महिना. वेंगुर्ल्याच्या कॉलेजला सुट्टी,
आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर पास्कू डिसोझा,
मांडीवर काळ्या कापडात गुंडाळलेली बाटली.
"बघ गो, ह्येच्यात जीव आसा काय नाय ता."

चाळीस वर्षं त्याने डेव्हलपर बोटांनीच ओळखला.
बुळबुळीत लागला तर चांगला,
चहासारखा झाला तर ओतून टाक.
हा धड चहा नाही, धड पाणी नाही,
आणि मेटॉलने चिरलेल्या बोटांवरचा
त्याचा विश्वास उडालाय.

दिवा तापायला अर्धा तास लागतो.
स्टॅबिलायझर गुरगुरतो, व्होल्टेज खाडीसारखं चढतं-उतरतं.
मी एक मिलिलिटर घेते, आम्लाचे थेंब सोडते,
हजार पट पातळ करते.
आता डोळ्यांना ते नुसतं पाणी.
काचेची नळी इथे चालत नाही,
या उजेडाला काच म्हणजे भिंत.
क्वार्ट्झच्या दोनच आहेत आमच्याकडे,
एकीचा टवका उडालेला.
दुसरीत आधी कोरं पाणी. शून्य.

"खयचो उजेड? माका दिसना नाय."
मलाही नाही दिसत.
जेवढा पलीकडे पोचत नाही
तेवढं औषध शिल्लक, मी सांगते.
तो मान डोलावतो. निगेटिव्हवर जन्म काढलेल्याला
काळं म्हणजे उजेड, हे काय समजावायचं?

मेटॉल आणि हायड्रोक्विनोन
एकमेकांच्या सावलीत उभे राहतात,
म्हणून दोन तरंगलांबींवर मोजते,
दोन समीकरणं सोडवते
कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेच्या पाठीवर.
मेटॉल टिकून आहे.
हायड्रोक्विनोन निम्म्याहून कमी:
तो स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला उभं ठेवतो.
मला वाटलं पास्कू आता कुणाचं तरी नाव घेईल.
तो म्हणाला, "टायम किती देव?"

रोल कुणाचा आहे?
"ठावक नाय. दुकान बंद करताना गल्ल्याखाली गावलो.
पावती सहाशे अकरा. नाव पुसला."
मग कशाला एवढं?
"आगाऊ पैशे घेतलेले आसत. चाळीस रुपये."

साडेचौदा मिनिटं, मी म्हणते,
पण अंदाजे हं, जळून गेलेल्या औषधाचीही
सावली मध्ये पडते,
ती वेगळी काढता येत नाही मला.

बाटलीच्या तोंडाशी तो करंगळी ओली करतो,
अंगठ्यावर घासतो, खिडकीबाहेर बघतो.
"पंधरा," म्हणतो.
मी वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले.