बझरची तार

काइताच्या गॅरेजात, नदीच्या अंगाला,
इंजिन दोन दिवस उघडं पडलंय.
साडेदहा हजारांवर अचानक ताकद गेली, मिनोवा सांगतो.
आवाज? नाही. काहीच नाही.
"तेच तर," ओबाता म्हणतात
आणि चष्मा कपाळावर ढकलतात.

ओबातांना कमी ऐकू येतं.
एकतीस वर्षं टेस्ट बेडच्या काचेमागे उभं राहून
वरच्या पट्टीतलं सगळं गेलं त्यांचं:
रातकिडे, किटलीची शिट्टी,
नातीचं व्हायोलिन.
खालचं शाबूत आहे. रस्त्यावरून कुठला ट्रक गेला
ते फरशीवरून सांगतात.

मिनोवा चोवीसचा. दिवसा बापाच्या तराफ्यांवर कालवं सोलतो,
रात्री घाटात गाडी काढतो.
म्हणतो, पिस्टनचं मला कळतं.
वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो,
दर फेरीला दोनदा स्वतःला आवरतो,
आणि आवरता आवरताच एक दिवस दांडा मोडतो.
पण रोटर कुठे थांबतो?
जो थांबतच नाही
त्याला हद्द कसली?

ओबाता उत्तर देत नाहीत.
वर्तमानपत्रावर रोटर ठेवतात,
तिन्ही बाजूंनी पोट सुटलेला त्रिकोण.
शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा हा एकदा.
ह्याला घाई नाहीच.

मग टोकाच्या खाचेतून चिमट्याने काढतात ती पट्टी,
काडेपेटीच्या काडीएवढी जाड,
आणि तिच्या पाठीशी बाक आलेली स्प्रिंग.
"घाई हिला."

घर रेशमाच्या कोशासारखं, कमरेत चिमटलेलं.
फुगवट्यावर ही भिंतीला इतकी रेलते
की मधलं तेल पुसून निघतं.
कमरेशी येते तेव्हा मात्र
वेगाचा जोर तिला उलटा आत ओढतो,
भिंत सुटते,
आग एका खोलीतून दुसरीत डोकावते,
आणि ही परत आदळते.
पुन्हा. पुन्हा.
"बोट फिरव."

मिनोवा बोट फिरवतो.
आरशासारख्या क्रोमवर बारीक लाटा,
ओहोटीनंतर चिखलावर उरतात तशा.
त्या त्याला ओळखीच्या वाटतात.
"सैतानाची नखं म्हणायचो आम्ही," ओबाता म्हणतात.
"नखं वाढवणारे आम्हीच, ते सोडा."

शाफ्टही वाकलेला असतो त्या वेगात.
पोलाद खरं, पण वाकतं,
केसाच्या दहाव्या हिश्शाइतकं.
तेवढं पुरतं. रोटरचा एक कोपरा
बाजूच्या भिंतीला चाटून गेलाय,
तिथे निळसर डाग,
जखम नव्हे, नुसता वळ.

"पिस्टन गयावया करतो रे.
थरथरतो, बडबडतो, आधीच बोंब मारतो.
हा मरेपर्यंत ब्र काढत नाही.
म्हणून कंपनीने ह्याला
दुसऱ्याचं तोंड लावून दिलं.
डॅशबोर्डच्या मागे, एवढंसं.
तार कुणी कापली?"

मिनोवा बुटांकडे बघतो.
"किरकिर करायचा."

बाहेर भरती चढते. नदी उलटी वाहू लागते,
होड्यांची तोंडं फिरतात, सगळ्यांची एकाच वेळी नाही.

ओबाता सोल्डरिंगचं टोक तापवतात.
हात थोडा कापतो, टोक टेकल्यावर कापत नाही.
तारेची दोन टोकं, शिसाचा थेंब, धुराची एक रेघ.
बॅटरी जोडतात.

"वाजतोय?"

मिनोवा काही बोलायच्या आत
ओबातांनी त्याचं कपाळ पाहिलेलं असतं.
तिथे एक आठी पडली.
ते प्लग काढतात, चष्मा खाली ओढतात.
"नऊ हजार," ते म्हणतात. "आणि नवीन पट्ट्या गुरुवारी येतील."