नव्यासारखं

कोइमतूरच्या बोळात तीस वर्षं
जुनं सोनं गाळलेले रंगराव दबडे
विट्याच्या बंगल्यात विमानाची फाईल चाळतात.
अकरा वर्षांचं. नऊ आसनं.
चार हजार दोनशे तास उडालेलं.

दलाल म्हणतो, नव्यासारखंच आहे, शेठ.

ते नव्यासारखं रंगरावांच्या ओळखीचं.
मूस लाल झाली की
मंगळसूत्र काय, बाळाच्या बिंदल्या काय,
कुणाचं होतं ते उरत नाही.

हे गाळता येत नाही.
डावं इंजिन एकदा उतरवलेलं,
एका घारीची धडक, तारखेसकट.

'उतरणार कुठं?'
'कोल्हापूरला. तिथनं गाडी.'
'म्हंजे यष्टीचाच रस्ता.'

फोटो बोटांनी मोठा करत नेतात.
चौथ्या आसनाच्या शिवणीत
एक लांब केस.

रंगराव चष्मा पुसतात,
आणि तिथून
भाव पाडायला घेतात.