नो स्टेप

मेळ्याच्या रस्त्यावर, गोल बागेत,
लोखंडी खांबावर नाक वर करून ते उभं.
सव्वीस जानेवारीआधी महापालिकेचा माणूस
शिडी लावून चंदेरी रंग फासतो.
यंदा ‘नो स्टेप’ची लाल अक्षरंही बुजली.

ती मी काढली होती, महाराजपुऱ्याच्या हँगरात,
श्वास रोखून, स्टेन्सिल घट्ट धरून.
एकदा पंखावर माझाच पाय पडला,
तर सार्जंट रेगे आठ दिवस बोलले नव्हते.

आता कबुतरं खुशाल चालतात.
मागच्या नळकांड्यात काड्या, पिसं,
कुणाच्या तरी पतंगाची शेपटी.

सिग्नल सुटतो. मागचा टेंपोवाला ओरडतो,
‘चलो बाबूजी, उड़ना है क्या?’

स्कूटर तिसऱ्या किकला लागते.
माझ्या हाताखाली असताना
ते कधी
इतका वेळ लावायचं नाही.